उशिरा उतरणाऱ्याचा वाटा

एक्स्ट्रॅक्शन शूटर या प्रकारच्या ऑनलाइन खेळात जिंकणे म्हणजे जिवंत बाहेर पडणे. खेळाडू स्वतःच्या साठ्यातली बंदूक, चिलखत, औषधे आणि गोळ्या घेऊन नकाशावर उतरतो, तिथला माल गोळा करतो आणि वेळ संपण्याच्या आत ठरलेल्या एखाद्या वाटेने निघतो. सुखरूप निघाला तर सगळा माल त्याचा. मेला तर बरोबर नेलेलेही गेले. अशा एका फेरीला रेड म्हणतात. रेडमध्ये संगणकाने चालवलेले शत्रू असतात आणि खरे खेळाडूही असतात. त्यातला कोण कुठे आहे, कोणाच्या पाठीवर किती माल आहे, हे समोरासमोर येईपर्यंत कळत नाही.

या प्रकाराला आकार दिला तो बॅटलस्टेट गेम्स या रशियन स्टुडिओच्या ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’ने. त्याची बंदिस्त बीटा आवृत्ती जुलै २०१७ मध्ये सुरू झाली आणि १.० आवृत्ती थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. मधल्या काळात क्रायटेकचा ‘हंट: शोडाउन’, बर्लिनच्या यागर स्टुडिओचा ‘द सायकल: फ्रंटियर’, कोरियातला ‘डार्क अँड डार्कर’, मोबाइलवरचा ‘अरीना ब्रेकआउट’ असे वेगवेगळ्या घाटाचे खेळ आले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजचा ‘आर्क रेडर्स’ प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार आणखी लाखो घरांत पोचला. त्याबरोबर जुना प्रश्नही नव्याने पेटला: कोणाला कोणाबरोबर आणि रेडच्या कितव्या मिनिटाला उतरवायचे?

इतर शूटर खेळांतही जोडी विजोड पडते. पण तिथे वाईट सामन्याची किंमत दहा-पंधरा मिनिटे असते. पुढच्या सामन्यात सगळे पुन्हा समान पातळीवर येतात. एक्स्ट्रॅक्शन शूटरमध्ये विजोड रेडची किंमत आधीच्या चार संध्याकाळच्या कमाईतून वसूल होते. म्हणूनच चांगली बंदूक साठ्यात असूनही ती बाहेर काढायला खेळाडू कचरतात. या धास्तीला ‘गिअर फिअर’ असे नावच पडले आहे. हरण्याची भीती हाच या खेळाचा रस आहे आणि ती काढून टाकली तर खेळ उरत नाही. प्रश्न एवढाच की ती भीती खेळाडूने समजून-उमजून पत्करलेली असावी की मॅचमेकिंगने, म्हणजे कोणाला कोणाबरोबर उतरवायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेने, त्याच्या नकळत त्याच्यावर लादलेली असावी.

खेळाडूचे कौशल्य आकड्यात मोजायची रीत बुद्धिबळातून आली. अर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाची गुणपद्धती अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या हिशोबाने दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्याने सरासरी ७६ टक्के गुण मिळवणे अपेक्षित असते, ४०० गुणांचे असेल तर सुमारे ९१ टक्के. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘ट्रूस्किल’ पद्धतीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी घातल्या. एक, संघांचे आणि अनेक स्पर्धकांचे निकालही मोजता येऊ लागले. दोन, प्रत्येकाच्या कौशल्याच्या अंदाजाबरोबर त्या अंदाजाविषयीची शंकाही नोंदवली जाऊ लागली. नवा खेळाडू २५ गुणांवर सुरू होतो, पण त्याच्या खात्यावर अनिश्चितता मोठी असते; सामने वाढतात तशी ती आटते.

या दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लागते: निकाल. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा क्रमांक कितवा. एक्स्ट्रॅक्शन शूटरमध्ये हीच गोष्ट धड सांगता येत नाही. एक जण पाच जणांना मारतो आणि बाहेर पडण्याच्या दारात मरतो. दुसरा एकही गोळी न झाडता अर्धा तास झुडपांतून सरपटत एक दुर्मीळ वस्तू घेऊन निघतो. तिसरा फक्त मित्राला वाट दाखवायला आलेला असतो. मारलेल्यांची संख्या मोजली तर दुसरा कच्चा ठरतो, वाचण्याचे प्रमाण मोजले तर पहिला, आणि मालाची किंमत मोजली तर तिसरा. हंटमध्ये ही अडचण तुलनेने कमी आहे, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष्य एकच असते. राक्षसाच्या शिकारीचे बक्षीस ज्याच्या हाती, त्याच्याभोवती लढाई होतेच. त्यामुळे कोणी कोणाला मारले यावरून सहा ताऱ्यांच्या थरांत खेळाडू बसवणे तिथे बऱ्यापैकी जमले आहे. टार्कोव्हने मुख्य रेडसाठी कौशल्याचे थर केलेच नाहीत. नवशिका आणि हजारो तास खेळलेला जुना खेळाडू तिथे एकाच नकाशावर येतात.

कौशल्य मोजून जोड्या लावाव्यात का, यावर अनुभवी खेळाडू आणि कंपन्या यांचे भांडण जुने आहे. अनुभवी खेळाडूंचे म्हणणे असते की प्रत्येक सामना तोडीस तोड झाला तर विसावाच उरत नाही आणि मिळवलेल्या हातोटीचा उपयोगही जाणवत नाही. अॅक्टिव्हिजनने २०२४ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’वरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काही खेळाडूंसाठी कौशल्याचा निकष त्यांना न सांगता सैल केला गेला, तेव्हा अगदी वरचे दहा टक्के वगळता उरलेल्यांचे परत खेळायला येण्याचे प्रमाण घटले आणि सामना अर्धवट सोडणारे वाढले. हा अभ्यास कंपनीचा स्वतःचा आहे आणि तिचे हित खेळाडू टिकण्यात आहे, हे लक्षात ठेवूनही त्याचा अर्थ स्पष्ट आहे. निकष सैल करण्याची मागणी ज्यांना परवडते त्यांच्याकडूनच येते. जे रोज मार खातात ते मागणी करत बसत नाहीत, ते खेळ सोडून देतात.

कौशल्य मोजता येत नसेल तर सामान मोजावे, हा दुसरा मार्ग. अरीना ब्रेकआउटमध्ये वरच्या दर्जाच्या रेडला ठरावीक किमतीचे किट, म्हणजे बरोबर न्यायचे सामान, अंगावर असल्याशिवाय प्रवेश नाही. ‘डेल्टा फोर्स’ या शूटर खेळाच्या अशाच प्रकारात अवघड पातळीला तीच अट आहे. डार्क अँड डार्करने कपड्या-शस्त्रांना गुण देऊन लॉब्या, म्हणजे एका रेडला एकत्र सोडायच्या खेळाडूंचे घोळके, वेगळ्या केल्या. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती खेळाडूच्या डोळ्यांसमोर असते: किती किमतीचे सामान घेतले की कोणत्या गर्दीत जायचे, हे आधी कळते. दोषही उघड आहे. निष्णात खेळाडू मर्यादेच्या एक पायरी खाली बसेल असे किट जुळवतो आणि नवशिक्यांच्या लॉबीत सहज लुटालूट करतो. सामानाची किंमत हाताचे वजन सांगत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत नवा आणि सर्वांत वादाचा आहे, तो स्वभावाचा. आर्क रेडर्समध्ये कोणता खेळाडू इतरांवर किती वेळा चालून जातो याची नोंद घेऊन भांडखोरांना भांडखोरांकडे आणि शांतपणे माल गोळा करणाऱ्यांना त्यांच्यासारख्यांकडे ढकलले जाते, हे एम्बार्कच्या प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले. कल्पना मोहक आहे. पण स्वसंरक्षणात झाडलेली गोळी आणि घात करून झाडलेली गोळी यांतला फरक यंत्राला नीट कळतो का, हा पहिला प्रश्न. आणि वागण्याचा हिशोब ठेवला जातो हे कळल्यावर लोक तसे वागण्याचे नाटक करतील, हा दुसरा. चार रेड मान खाली घालून काढायच्या, गरीब लॉबी मिळवायची आणि पाचव्या रेडला हात साफ करायचा, ही युक्ती सुचायला फार बुद्धी लागत नाही.

एकटा आणि गट यांतली दरी मात्र सगळेच मान्य करतात. तिघांचा स्क्वॉड एकमेकांशी बोलत तीन दिशांनी येतो तेव्हा सोलो खेळाडूचे नेम धरण्याचे कसब फारसे कामाला येत नाही. आर्क रेडर्स शक्यतो एकट्यांना एकट्यांबरोबर घालतो. हंटमध्ये गटांच्या लॉबीत शिरणाऱ्या एकट्याला गुणांची सूट आणि मेल्यावर स्वतःला उठवण्याची सोय मिळते.

हे सगळे निकष कागदावर कितीही चांगले असले तरी ते चालायला माणसे लागतात, आणि इथे भूगोल आडवा येतो. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. भारतात मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे प्रामुख्याने मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा ठिकाणी आहेत. अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, हैदराबादचे २०२२ मध्ये. ज्या खेळाचा भारतात सर्व्हर आहे तो बहुधा मुंबईत असतो आणि ज्याचा नाही त्याचा खेळाडू सिंगापूरला जातो. रायपूरपासून मुंबई सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे, सिंगापूर सव्वातीन हजारांच्या. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटर कापायला सुमारे पाच मिलिसेकंद लागतात. म्हणजे मुंबईला जाऊन-येऊन दहा आणि सिंगापूरला तेहेतीस, हा निसर्गाचाच किमान दर झाला. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर असतात, घरातले वायफाय असते, आणि पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा प्रत्यक्ष वेळ, याच्या कितीतरी पट दिसतो. सेकंदाला साठ वेळा जगाची स्थिती ताजी करणाऱ्या सर्व्हरवर एक ठोका सुमारे सतरा मिलिसेकंदांचा असतो. मुंबईतल्या खेळाडूपेक्षा चाळीस मिलिसेकंद मागे असलेला रायपूरकर प्रत्येक गोळीबारात दोन ठोके मागे असतो. भिंतीआडून डोकावणारा त्याला उशिरा दिसतो, आणि स्वतः आडोशाला पोचल्यावरही तो मेलेला दाखवला जातो, कारण सर्व्हर नेम धरणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसत होते ते मागे जाऊन तपासतो.

आता माणसांचा हिशोब. समजा एखाद्या खेळाच्या मुंबई सर्व्हरवर रात्री दहा वाजता १,२०० जण एकाच वेळी रेड शोधत आहेत. नकाशे चार, एकटे आणि गट असे दोन प्रकार, कौशल्याचे पाच थर. कप्पे झाले चाळीस आणि प्रत्येक कप्प्यात सरासरी तीस माणसे. एका रेडला वीस जण लागत असतील तर काम चालते. पहाटे चारला शोधणारे १२० उरले की प्रत्येक कप्प्यात तीन. तेव्हा मॅचमेकिंग एकेक भिंत पाडू लागते: आधी कौशल्याचे थर एकत्र होतात, मग एकटे-गट एकत्र होतात, आणि तरी जमले नाही तर खेळाडू सिंगापूरला पाठवला जातो किंवा अर्ध्या झालेल्या रेडमध्ये ढकलला जातो. न्यायाचे निकष गर्दीच्या प्रदेशात पाळले जातात आणि विरळ प्रदेशात सर्वांत आधी सोडले जातात. भारतात या जातीच्या पीसी खेळांना अजून मोबाइलवरच्या बॅटल रॉयलएवढी गर्दी नाही, त्यामुळे ही तूट इथल्या खेळाडूला रोज भोगावी लागते. नवा रायपुरात मे २०२५ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. पण डेटा सेंटर जवळ आले म्हणजे खेळाचा सर्व्हर जवळ आला असे होत नाही. कंपनी सर्व्हर ठेवते ते खेळाडूंची संख्या पाहून.

उशिरा उतरण्याचा प्रश्न या सगळ्याच्या पोटात आहे. कंपन्या लोकांना चालू रेडमध्ये का घालतात, हे समजून घेणे सोपे आहे. तीस मिनिटांच्या रेडमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच बरेच जण मरतात किंवा मिळाले तेवढे घेऊन निघतात. उरलेली वीस मिनिटे नकाशा ओस पडतो, सर्व्हरचे भाडे मात्र चालूच राहते. तिकडे नवे खेळाडू रांगेत ताटकळत असतात. रिकाम्या जागी त्यांना सोडले की दोन्ही प्रश्न सुटतात. आर्क रेडर्सने हाच मार्ग घेतला आहे.

पण उतरणाऱ्याच्या बाजूने तो अनुभव कसा असतो ते जवळून पाहावे. खेळाडूने साठ्यातले चांगले चिलखत चढवले आहे, एका विशिष्ट इमारतीतली विशिष्ट वस्तू हवी म्हणून हा नकाशा निवडला आहे. पडदा उजळतो तेव्हा घड्याळात अठरा मिनिटे उरलेली असतात. इमारतीपाशी पोचायला चार जातात. कपाटे उघडी, खोके रिकामे, जिन्यावर कोणाचे तरी टाकून दिलेले स्वस्त सामान. हवी ती वस्तू बारा मिनिटांपूर्वीच कोणीतरी नेलेली असते. परतीच्या वाटाही एकामागून एक बंद होत जातात. जवळची बाहेर नेणारी लिफ्ट बंद झालेली असते आणि उरलेली नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायला जो रस्ता आहे त्यावर बाकीचे सगळेही निघालेले असतात. आठवडी बाजारात संध्याकाळी पोचलेल्याला उरलीसुरली भाजी निदान कमी भावात मिळते. इथे उशिरा आलेल्याने सामान मात्र पूर्ण किमतीचे पणाला लावलेले असते.

उलट बाजूची तक्रार कमी बोलली जाते, पण ती तितकीच खरी आहे. सुरुवातीपासून खेळणाऱ्याने एक भाग तपासून साफ केलेला असतो. मागे कोणी नाही या खात्रीने तो पुढे सरकतो. त्याची औषधे संपत आलेली, चिलखत फुटलेले, पाठीवर माल भरलेला. अशा वेळी त्याच्या मागेच एक ताजा खेळाडू उगवतो, पूर्ण गोळ्यांसह. कान आणि नजर वापरून मिळवलेली माहिती एका क्षणात खोटी ठरते. ज्या खेळाचा सगळा डोलारा आवाज ऐकणे, अंदाज बांधणे आणि वाट पाहणे यांवर उभा आहे, त्यात ही हानी लहान नाही. काही खेळाडू तर उशिरा उतरणेच पसंत करतात: प्रतिस्पर्धी कमी, थकलेले आणि मालाने लादलेले, दारापाशी दबा धरून बसले की झाले.

टार्कोव्हने यावर फार पूर्वीच एक उत्तर शोधले, आणि आजवरच्या उत्तरांत तेच सर्वांत भक्कम आहे. तिथे स्वतःचे सामान घेऊन जाणारे सगळे खेळाडू रेडच्या सुरुवातीलाच एकत्र उतरतात. चालू रेडमध्ये येतो तो ‘स्कॅव्ह’: खेळाने दिलेले जुनेपाने, नशिबाने मिळेल ते सामान अंगावर, मेला तर साठ्यातले काहीच जात नाही, आणि एकदा खेळल्यावर पुन्हा स्कॅव्ह होण्यासाठी काही वेळ थांबावे लागते. इतर स्कॅव्हना विनाकारण मारले तर त्याची पत घसरते. म्हणजे वेळ कमी आणि धोकाही कमी. नकाशा भरलेला राहतो आणि ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याला पूर्ण वेळ मिळतो. हंटने दुसरे टोक गाठले: बारा जणांपर्यंतची मोहीम, सुरुवात एकत्र, नंतर कोणालाही प्रवेश नाही. त्यामुळे तिथे शेवटचा काळ शांत जातो, पण फसवणुकीची भावना नसते. द सायकलने तिसराच प्रयोग केला. तिथे सर्वांची सुरुवात एकत्र नव्हतीच; ग्रहावर केव्हाही उतरावे, केव्हाही निघावे. सगळेच वेगवेगळ्या वेळी येत असल्याने उशीर ही गोष्टच उरली नाही, मात्र कोणता भाग लुटून झाला आहे हे नशिबावर राहिले. जून २०२२ मध्ये सुरू झालेला तो खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये बंद पडला. खर्च परवडत नाही असे कंपनीने सांगितले, आणि चीटरांचा उपद्रव तर सुरुवातीपासून होता.

पटावरच्या खेळाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच हाताळला आहे. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२२ मध्ये रायपुरात मुख्यमंत्री चषक आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर बुद्धिबळ स्पर्धा झाली. तिच्यात मास्टर्स आणि चॅलेंजर्स असे दोन गट होते. ही लॉबीचीच विभागणी, पण निकष गुणांकनाचा आणि सर्वांना आधी माहीत असलेला. अशा खुल्या स्पर्धांत स्विस पद्धतीने जोड्या लागतात. ही पद्धत १८९५ मध्ये झुरिचच्या स्पर्धेत प्रथम वापरली गेली. प्रत्येक फेरीत समान गुण असलेले शक्यतो एकमेकांसमोर येतात, म्हणजे विजोड जोडी पडली तरी ती पहिल्या एक-दोन फेऱ्यांत, आणि पुढे पद्धत आपोआप सावरते. उशिरा स्पर्धेत येणाऱ्याला हुकलेल्या फेऱ्यांची झळ स्वतःलाच सोसावी लागते आणि पटावर ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर केला तर डाव जातो. उशिराचा भार उशीर करणाऱ्यावर, हा सरळ नियम. ऑनलाइन रेडमध्ये उशीर खेळाडू करत नाही; तो वेळेवर बटण दाबतो, उशिराच्या रेडमध्ये त्याला यंत्र घालते. चूक नसताना भार मात्र त्याच्या माथी, ही या व्यवस्थेची खरी खोट आहे.

वीज किंवा इंटरनेट गेल्यावर होणारे पुनरागमनही उशिरा उतरण्याचाच एक प्रकार मानायला हवा. पावसाळी संध्याकाळी घरातली लाइट गेली, इन्व्हर्टरवर राउटर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटे लागली. तेवढ्या वेळात खेळाडूचे पात्र नकाशावर उभेच असते. परत जोडले जाण्याची सोय असली तरी मधल्या काळात त्याला कोणीही मारू शकते. पात्र लगेच गायब करावे तर हरणारा प्रत्येक जण केबल उपटेल, म्हणून कंपन्या ते करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यामुळे स्थिर वीज आणि स्थिर जोडणी असलेल्या शहराला कायमची सवलत मिळते, हेही खरे.

कायद्याच्या नजरेत हा प्रश्न अजून आलेला नाही. छत्तीसगडने जुगार प्रतिबंधाचा नवा कायदा करून ऑनलाइन जुगारही त्याच्या कक्षेत आणला. केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. रेडमध्ये पणाला लागते ती खेळातली वस्तू, रुपये नव्हेत, त्यामुळे हा प्रकार बंदीच्या बाहेर राहतो. मॅचमेकिंग कसे चालते ते खेळाडूला सांगण्याचे बंधन मात्र कोणावर नाही.

ते बंधन कंपन्यांनी स्वतःहून घालून घ्यावे. रेडमध्ये शिरण्याआधी घड्याळात किती मिनिटे उरली आहेत, सर्व्हर कोणत्या शहरातला आहे आणि समोर एकटे आहेत की गट, हे तीन तपशील पडद्यावर दाखवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. ते सर्व्हरकडे आधीच असतात. ते पाहून उतरायचे की रांगेत थांबायचे हे खेळाडूला ठरवू द्यावे, आणि ज्याला अर्ध्या रेडमध्ये पाठवायचे आहे त्याला खेळाच्या खर्चाने सामान देऊन पाठवावे.